बाणांच्या मैदानातलं घर

उमरा करून परतताना टूरवाल्यांनी इस्तंबूलचे तीन दिवस जोडून दिले होते. आया सोफिया, निळी मशीद, तोपकापी महाल हे दोन दिवसांत पाहून झालं. तिसऱ्या दिवशी सोबतच्या बायका बाजाराला निघाल्या. मी आणि हे मेट्रोबसने निघालो. उतरायच्या थांब्याच्या नावातच 'दारुलाजेझे' होतं. उर्दू शिकवणारीला हा शब्द फोडायला वेळ लागत नाही. आजिज झालेल्यांचं, म्हणजे असहाय माणसांचं घर. परिसराचं नाव ओकमेयदानी. 'ओक' म्हणजे बाण आणि 'मेयदान' म्हणजे आपलंच मैदान. उस्मानी काळात इथे तिरंदाजी चालायची.

तिथे जाण्यामागे कारण होतं, आणि ते सांगताना जीभ जड होते. अम्मींना, माझ्या सासूबाईंना, आम्ही अठरा दिवसांसाठी गावाजवळच्या एका वृद्धनिवासात ठेवून आलो होतो. नणंद परदेशात, दीर एका खोलीत पाच माणसं घेऊन राहतात. दुसरा इलाज नव्हता. जागा स्वच्छ होती. मदीनेहून फोन केला तेव्हा पलीकडून आवाज आला, "सात नंबर ना? ठीक आहेत. गोळ्या वेळेवर चालू आहेत." मग अम्मी फोनवर आल्या. म्हणाल्या, "बेटा, इथे सगळे चांगले आहेत. पण मला कुणी काही विचारत नाही."

हे वाक्य माझ्यासोबत इस्तंबूलपर्यंत आलं.

१८७७-७८ च्या रशियाबरोबरच्या युद्धानंतर निर्वासितांचे लोंढे या शहरात आले. रस्ते निराधारांनी भरले. सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांच्या हुकमाने ही संस्था उभी राहिली आणि १८९६ मध्ये तिचे दरवाजे उघडले. आवारात मशीद आहे, चर्च आहे आणि यहुद्यांचं प्रार्थनास्थळही आहे. म्हाताऱ्यांसोबत अनाथ मुलांनाही इथे आसरा मिळाला. हात चालतात त्यांना काम मिळावं म्हणून कारखाने होते. मी बराच वेळ मशिदीपाशी उभी राहिले. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी विचार केला होता की घर सुटलं तरी माणसाची दुआ आणि हातातलं कसब त्याच्याबरोबर यायला हवं.

अंगणात झाडाखाली चहा आला. कंबरेत बारीक असलेले काचेचे पेले. चहा देणारी मुलगी एकीला 'तेयझे' म्हणाली, म्हणजे खाला. शेजारच्या आजोबांना 'अमजा', म्हणजे चाचा. एकाच्या पेल्यात कडक चहा, दुसऱ्याच्यात पाणी जास्त घालून फिका. तिने कुणालाच विचारलं नाही, कारण आधी कधीतरी विचारलेलं होतं आणि ते लक्षात ठेवलेलं होतं. मी एका आजींचा हात तिथल्या रिवाजाप्रमाणे ओठांना आणि कपाळाला लावला. त्यांनी माझी ओढणी नीट केली. भाषा एकमेकींची येत नव्हती, तरी आमचं बोलणं झालं.

टॉम किटवूड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९७ च्या पुस्तकात स्मृतिभ्रंश झालेल्यांविषयी हेच मांडलं होतं: आधी माणूस पाहा, मग आजार. आम्ही वृद्धनिवासात भरलेला फॉर्म मला आठवला. रक्तदाब, साखर, गोळ्या, फोन नंबर. त्यात अम्मींना हाक कशी मारावी याचा रकाना नव्हता. पण तो मागावा हे मलाही सुचलं नाही. आईवडिलांना 'उफ' म्हणू नका, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. न विचारणं हेसुद्धा त्याच्याच शेजारचं आहे, हे मात्र शिकवलं नाही.

विमानात मी वहीचं एक पान काढलं. अम्मींना हाक: गावात सगळे 'शिवणवाल्या खाला' म्हणत. चहा: फजरच्या नमाजीनंतर लगेच, आलं घालून. वुजूसाठी स्टूल लागतं, उजवा गुडघा दुखतो. चौथी ओळ लिहिली, 'काय करायला आवडतं', आणि हात थांबला. सहा वर्षं एका घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं.

घरी आणल्यावर विचारलं. अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं मशीन कुठे ठेवलंस?"

माळ्यावर होतं. डोळ्यांना त्रास नको म्हणून मीच चढवलं होतं. ते आता खिडकीपाशी आहे. सुईत दोरा नात ओवून देते, अम्मी उशांचे अभ्रे शिवतात. टाके वाकडे येतात.

आपल्या घरात कुणी वडीलधारं असेल तर असं एक पान लिहून ठेवा. उद्या दवाखान्यात किंवा दुसरीकडे राहायची वेळ आलीच, तर ते पान सोबत द्या. लिहिताना कुठली ओळ कोरी राहते तेही बघा, आणि तीच आधी त्यांना विचारा.