थांब, आधी बघू तर

'मशिनेरियम' नावाचा एक गेम आहे, २००९चा. 'अमानिता डिझाइन' या छोट्या चेक चमूनं केलेला. आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो. एका पिटुकल्या रोबोला तुकडे करून भंगारात फेकलेलं असतं, त्याला हातपाय शोधून जोडायचं आणि पुढे न्यायचं. संवाद एकही नाही, नुसते फुग्यांतली चित्रं. म्हणूनच बाबा गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेली आई खुर्ची ओढून शेजारी बसायला लागली.

पुलावरचा पहारेकरी काही आत सोडेना. मी वैतागून गेममधलीच उत्तरांची वही उघडायला निघालो. (तीही सुखासुखी उघडत नाही, आधी एक रटाळ नेमबाजी खेळावी लागते!) आई म्हणाली, "थांब रे, त्याच्या डोक्यावर काय आहे बघ की."

निळी टोपी, वर दिवा. मग रस्त्यावरचा शंकू निळ्या रंगात बुडवला, त्यावर दिवा बसवला, झाला आमचा रोबो पोलीस! आई किती दिवसांनी खळखळून हसली.

मोठ्या, महागड्या गेम्समध्ये कुठे जायचं ते बाणच दाखवतो. असं अडून बसायला मिळतच नाही. असो.

आई आता गावी परत गेलीय. गेम अर्धाच आहे, मी एकट्यानं उघडलेला नाही. ती मात्र फोनवर विचारते, "आपला पत्र्याचा पोरगा कुठवर पोचला रे?"