तीन तागे आणि दोन तागे

बेंगळुरूच्या चिकपेटेत कापडाच्या एका घाऊक दुकानात मी अकरा वर्षे जमाखर्च लिहिला. १६३८ मध्ये शहाजीराजांना या शहराची जहागीर मिळाली. या पेठांतून मराठी कानी पडते, ती अशा जुन्या नात्यांमुळे. आमच्या घरातही मराठीच. व्यवहार मात्र कन्नडमध्ये.

एकदा अस्तराचे कापड आले. सकाळी तीन तागे, दुपारी दोन, सारे सारख्याच लांबीचे आणि सोबत दहा मीटरचा एक तुकडा. चलनावर केवळ एकूण लांबी होती : १३० मीटर. त्यांतील तीन तागे दुकानातील एका तरुणाने विकले व ७२ मीटरची पावती केली. मालक कडाडले, “तागा पंचवीस मीटरचा असतो. तीन मीटर गेले कुठे?” ती रक्कम त्याच्या पगारातून कापायची ठरली. पैशांपेक्षा चोरीचा आळ त्याला अधिक झोंबला असावा. तो मान खाली घालून उभा होता.

मी चलन पुढे ओढले. ताग्याची लांबी ‘त’ मानली.

३त + २त + १० = १३०

३त आणि २त ही सरूप पदे, म्हणून त्यांची बेरीज ५त. दहा हा सुटा आकडा. तुकड्याला जसे तागा म्हणता येत नाही, तसा तो ‘त’मध्ये मिळवता येत नाही. दोन्ही बाजूंतून दहा वजा केले.

५त = १२०
त = २४

“शेठ, तागा चोवीसचाच आहे.”

समान जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी करावी, भिन्न जातीच्या वेगळ्या मांडाव्यात, हा नियम भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ या ग्रंथात सांगितला आहे. पहिल्या अज्ञात राशीला त्यांनी ‘यावत्तावत्’ म्हटले. पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. निळे निळ्यात, पिवळे पिवळ्यात! कापडाच्या पेठेत हे कोणाला समजावून सांगावे लागेल?

मालकांचा मात्र कागदावर विश्वास बसेना. अखेर फळीवरचा न उघडलेला तागा खाली काढला आणि त्यांनी स्वतः मोजला. चोवीस मीटर भरला. ते काही बोलले नाहीत. महिनाअखेरीस त्या तरुणाला पूर्ण पगार मिळाला आणि पुढच्या मालापासून चलनावर प्रत्येक ताग्याची लांबी लिहून येऊ लागली.