बिली, एला आणि दहा नंबरचं लेणं

रविवारी वेरूळला जायचा प्लॅन आहे? मग यावेळी गाडीत धांगडधिंगा नको. जॅझ लावा, आणि तोही फक्त बायकांच्या आवाजातला. वाळूजची शिफ्ट असो की चिकलठाण्याचं ऑफिस, आठवडाभर कानात साचलेल्या गोंगाटावर हा मस्त उतारा आहे. संभाजीनगरातून वेरूळ तीसेक किलोमीटर, म्हणजे साधारण एक अख्खी एलपी!

सुरुवात एला फिट्झगेराल्डपासून करा. १३ फेब्रुवारी १९६०, बर्लिनमधला लाइव्ह शो. ‘मॅक द नाइफ’ गाताना बाई मधेच शब्द विसरतात आणि न थांबता तिथल्या तिथे नवे शब्द जुळवत गाणं पुढे नेतात. रेकॉर्डिंगमध्ये नुसता आवाज नाही, तो भलामोठा हॉल आणि टाळ्या वाजवणारी माणसंही आहेत. जरा कान देऊन ऐका, सगळं कळतं.

दौलताबाद आलं की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. कारण टायर आणि इंजिनची घरघर खालच्या पट्टीतली असते. डबल बास आणि गायिकेचे खर्जातले स्वर ती गिळून टाकते. आता सारा वॉनचा क्लिफर्ड ब्राऊनबरोबरचा १९५४ सालचा अल्बम लावा. समोर दिसतो तो देवगिरी. तेराव्या शतकात इथल्याच यादव दरबारात शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. तो म्हणतो, मंद्र स्वर हृदयात, मध्य गळ्यात आणि तार डोक्यात. सारा खाली उतरते तेव्हा या म्हणण्याचा अर्थ बरोब्बर समजतो.

वेरूळला पोचल्यावर सगळे कैलासकडे पळतात. तुम्ही आधी दहा नंबरला जा. विश्वकर्मा लेणं, लोकांच्या तोंडी ‘सुतार की झोपडी’. वेरूळमधला हा एकमेव चैत्य. कमानदार छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या, पण सगळं दगडात कोरलेलं. हेडफोन काढा. कुणाला त्रास होणार नाही अशा बेतानं एक स्वर गुणगुणा आणि थांबा. तुम्ही गप्प झालात तरी स्वर थोडा वेळ तिथेच रेंगाळतो. कापड नाही, लाकूड नाही. कातळ आवाज शोषत नाही, परत पाठवतो. रेकॉर्डिंगमधला ‘रूम साउंड’ म्हणतात तो हाच.

आता बाहेर पायरीवर बसून बिली हॉलिडेचा ‘लेडी इन सॅटिन’ ऐका. फेब्रुवारी १९५८. बिली बेचाळीस वर्षांची, आवाज चिरलेला, थकलेला. पुढच्याच वर्षी ती गेली. ‘क्लीन’ आवाज हवा असेल तर हा अल्बम तुमच्यासाठी नाही. पण न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीटवरचा तो स्टुडिओ म्हणजे उंच छताचं जुनं चर्च होतं. त्या चर्चनं तिचा प्रत्येक तडा सांभाळून घेतलाय. हलक्या प्रतीच्या एमपीथ्रीमध्ये नेमका हाच रेंगाळणारा भाग आधी विरतो. तेव्हा फाइल चांगली घ्या, महागडा हेडफोन नंतर बघू.

तो स्टुडिओ १९८१ मध्ये बंद झाला, मग इमारतही पाडली. ती खोली आता फक्त रेकॉर्डमध्ये उरलीय. आपली खोली मात्र तेराशे वर्षं जागेवर आहे, आणि आपण आत जाऊन सेल्फी काढतो नि दोन मिनिटांत बाहेर पडतो. निदान यावेळी तरी पाच मिनिटं जास्त थांबा!

परतीची प्लेलिस्ट
आशा पुथली: मुंबईची मुलगी. ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’मधली दोन गाणी तिची.
लॉर्ना: गोव्याची लाडकी. क्रिस पेरीबरोबरची कोंकणी गाणी. ब्रास सेक्शन दणदणीत.
लक्षात ठेवा: वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात.