बांधावरचं कवठ

लातूर जिल्ह्यात एक टक्कासुद्धा जमीन जंगलाखाली नाही. औशाच्या चहूबाजूंना नजर जाईल तिथवर काळं रान. खरिपात सोयाबीन आणि तूर, मग हरभरा. झाड म्हणाल तर बांधावर, नाहीतर देवळापाशी. पण सह्याद्रीच्या दाट, ओल्या जंगलातलं एक मोठं कूळ या उघड्या मुलखातही नांदतं, आणि मला त्याचं फार अप्रूप आहे.

कवठाचं पान तोडून बोटांत चुरगळा. लिंबू आणि बडीशेप एकत्र कुटल्यासारखा वास येतो. दुसरं पान उन्हासमोर धरलं की त्यात सुईनं टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. लिंबू, संत्रं, बेल, कढीपत्ता, कवठ यांच्या पानांत ही खूण सापडते; वनस्पतिशास्त्रात या कुळाला ‘रूटेसी’ म्हणतात. याच कुळातला फ्लिंडर्सिया ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या वर्षावनात उंचच उंच वाढतो आणि इमारती लाकूड देतो. आपल्याकडे याच घराण्यातलं तिरफळ सह्याद्रीच्या ओलसर रानात उभं असतं. त्याच्या खोडावर शंकूसारखे जाडजूड काटे, आणि फळाची टरफलं बांगड्याच्या आमटीत पडली की जिभेला मुंग्या आणणारी. परसातला कढीपत्तासुद्धा मूळचा रानातला, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. रत्नागिरीहून नागपूरकडे जाणारा रस्ता आमच्या औशावरूनच जातो. त्याच्या त्या टोकाला तिरफळ, इकडे कवठ. सह्याद्रीतल्या आंबोलीला वर्षाला सुमारे 7000 मिलिमीटर पाऊस पडतो, इथे 800च्या आतबाहेर. एकाच कुळानं दोन्हीकडे घर केलं.

कवठ हे या कोरड्या बाजूचं खरं मोठं झाड. खरबरीत साल, सरळ टोकदार काटे, एका देठावर पाच-सात पानं. उन्हाळ्यात पानं झाडून टाकतं आणि तग धरतं. फार सावकाश वाढतं. बियांपासून लावलेलं झाड फळाला यायला 15 वर्षं सहज जातात. म्हणून कवठ लावणारा माणूस बहुतेक नातवंडांसाठीच लावतो. त्याचा चिवटपणा दुष्काळात दिसला. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. खोलगट जागी किल्ला बांधून भोवती पाण्याचा खंदक राखणाऱ्या औशाच्या मुलखावर ही वेळ आली होती. विहिरी कोरड्या, बोअर आटलेले, आणि बांधावरची जुनी कवठं तशीच उभी. त्या उन्हाळ्यापासून मी या झाडाकडे आदरानं बघतो.

महाशिवरात्र जवळ आली की बाजारात कवठाचे ढीग लागतात. जाणत्या बायका फळ वीतभर उंचीवरून फरशीवर टाकून बघतात. चेंडूसारखं उसळलं तर कच्चं, धप्पकन जागीच बसलं तर पिकलेलं. राखाडी-पांढरं कवच लाकडासारखं टणक; दगडानं किंवा बत्त्यानं फोडावं लागतं. आत तपकिरी गर, त्यात पांढऱ्या लवदार बिया, आणि घरभर पसरणारा आंबूस-गोड दरवळ. गर कुस्करून त्यात गूळ, मीठ, तिखट, जिरं घातलं की चटणी तयार. भगरीसोबत ती नसली तर आमच्या घरी उपवास झाल्यासारखा वाटत नाही. ताजी चटणी आणि गेल्या पिढीच्या हाताची चव, दोन्ही एकाच वाटीत येतात.

या झाडावर पोसणारेही कमी नाहीत. लिंबाच्या पानांवर वाढणाऱ्या फुलपाखराची अळी कवठावरही सापडते. लहान असताना ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पाखरं तिला सोडून देतात. मोठी झाल्यावर हिरवी होते आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. महाराष्ट्रानं 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेलं ब्लू मॉर्मनही याच लिंबू-कुळाच्या पानांवर वाढतं. फुलपाखरू मिरवायचं आणि त्याच्या अन्नाचं कूळ तोडायचं, हे कसं जमावं?

तोडणं चालूच आहे. सावलीखाली सोयाबीन धरत नाही, ट्रॅक्टर वळायला अडचण होते, वाटण्या झाल्या की बांध कोरला जातो. पहिला घाव अशा झाडावर पडतो. शेतकऱ्याची अडचण खरी आहे. चार ओळी पीक गेलं तर त्याचे पैसे जातात, आणि कवठाला भाव मिळतो तो फक्त शिवरात्रीच्या आठवड्यात. तरी सगळा बांध मोकळा करण्याची गरज नसते. विहिरीकडेचा कोपरा, गोठ्यामागची जागा, देवळाचं आवार, शाळेचं कुंपण, एवढ्यात कवठ मावतं.

येत्या महाशिवरात्रीला चटणी करताना पिकल्या कवठाच्या थोड्या बिया बाजूला काढा, गर धुऊन काढून त्या सावलीत वाळवा आणि पिशवीत रुजवा. पावसाळ्यात रोप एखाद्या कोपऱ्यात लावा, आणि पहिली दोन-तीन वर्षं शेळ्यांपासून जपा.