उत्तर उताऱ्यात नसतं तेव्हा

सीबीएसईच्या दहावीचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो. त्यात अपठित उताऱ्यांना २० गुण. उरलेले २० गुण शाळेने द्यायचे, तेही पाच-पाचच्या चार तुकड्यांत. त्यातल्या एका तुकड्यात ऐकणं आणि बोलणं दोन्ही बसवायचं. म्हणजे मूल वर्गात दिवसभर जे करतं, त्या ऐकण्याच्या वाट्याला शंभरातले जेमतेम दोन-अडीच गुण येतात. मी चंडीगडच्या एका शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. हे दोन-अडीच गुण देताना माझा जीव जितका खालीवर होतो, तितका लेखी पेपरांचा गठ्ठा तपासताना होत नाही. लेखी पेपरला उत्तरसूची असते. मुलाच्या कानात नेमकं काय पोचलं, हे मात्र त्याच्या तोंडाकडे, हाताकडे आणि डोळ्यांकडे बघून ठरवावं लागतं.

मी लातूरकडची. मराठी शाळा, इंग्रजी पाचवीपासून. आमच्या गुरुजींनी इंग्रजी मनापासून शिकवलं, पण ते सगळं डोळ्यांनी शिकायचं इंग्रजी होतं. धडा वाचायचा, खाली मराठी अर्थ लिहायचा, वहीत मधोमध रेघ मारून एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ. घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्या की कुणीतरी उठून केंद्र बदलायचं. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, तोवर आमच्या पिढीचं शिक्षण उरकलं होतं. त्यामुळे कॉलेजात पहिल्यांदा सलग इंग्रजी व्याख्यान ऐकलं, तेव्हा शब्द ओळखीचे आणि वाक्य अनोळखी अशी अवस्था झाली होती. ती अजून लक्षात आहे, म्हणून मागच्या बाकावर कपाळाला आठ्या घालून ऐकणारं पोर माझ्या नजरेतून सुटत नाही.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले. २०१२-१३ मध्ये सीबीएसईने नववी आणि अकरावीला ऐकण्या-बोलण्याची रीतसर परीक्षा सुरू केली, ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या मदतीने. ध्वनिफीत लावायची, मुलांनी ऐकत ऐकत समोरचा कागद सोडवायचा. पुढे २०१८ला दहावीची बोर्डाची परीक्षा सक्तीची झाली आणि ही चाचणी आक्रसून अंतर्गत गुणांत गेली. पण ती आली हेच मला मोठं वाटलं होतं. कानाला गुण असतात, हे मुलांना पहिल्यांदा कळलं.

मग चंडीगडच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. २०१९च्या जानेवारीत भारताने पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत उतरण्याचा करार केला. पंधरा वर्षांच्या मुलांची वाचन, गणित आणि विज्ञानातली समज तपासणारी ही चाचणी. देशातर्फे केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं आणि चंडीगडच्या शाळा बसणार होत्या. शहरभर सरावाचे उतारे फिरू लागले. पिसाने २०१८च्या चाचणीतला एक नमुना खुला केला होता, ईस्टर बेटावरचा. एकाच विषयावर तीन मजकूर, आणि त्यांतले शास्त्रज्ञ बेटावरची मोठी झाडं कशामुळे नष्ट झाली याबद्दल एकमेकांशी सहमत नाहीत. त्यांचं म्हणणं कुठे जुळतं, कुठे फुटतं, तथ्य कुठलं आणि मत कुठलं, हे मुलाने सांगायचं. असा प्रश्न मी तोवर दहावीच्या पेपरात पाहिला नव्हता. पुढे करोना आला, चाचणी २०२२वर गेली आणि शेवटी भारत तीत उतरलाच नाही. २०२१च्या मार्चमध्ये सीबीएसईने ब्रिटिश कौन्सिलबरोबर इंग्रजी वाचन, विज्ञान आणि गणितासाठी क्षमताधारित मूल्यमापनाचा प्रकल्प जाहीर केला, त्याच्याही पहिल्या टप्प्यात चंडीगड होतंच. परीक्षा झाली नाही, तरी तिच्या निमित्ताने प्रश्न काढायची आमची पद्धत ढवळून निघाली.

आमची मुलं उताऱ्यातून उत्तर शोधण्यात पटाईत आहेत. ते कसं चालतं ते एकदा जवळ उभं राहून बघावं. मुलगा उतारा वाचतच नाही, आधी प्रश्न वाचतो. त्यातल्या सर्वांत लांब शब्दाभोवती पेन्सिलीने गोल करतो. मग डाव्या हाताचं बोट उताऱ्यावरून खाली सरकवत नेतो. तो शब्द सापडला की बोट थांबतं आणि उजवा हात ती ओळ पूर्णविरामापर्यंत उतरवून काढतो. बऱ्याचदा उत्तर बरोबर येतं. उताऱ्यात काय म्हटलंय असं विचारलं तर मूल माझ्याकडे बघत राहतं. त्याला गुण मिळाले आहेत आणि त्याने वाचलेलं काहीच नाही. अशा गुणांनी कुणाचं भलं होतं?

ऐकण्याच्या चाचणीत याच्या उलट होतं. वर्गात चार पंखे फिरतायत, बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या वर्गाचा तास सुटलाय, पुढे टेबलावर एक स्पीकर. समोर गाळलेल्या जागा. एक मुलगा शब्द बरोबर ऐकतो, ओठांत पुटपुटतोसुद्धा, पण लिहिताना त्यातली दोन अक्षरं गाळतो. तपासणारा फुली मारतो. ती फुली स्पेलिंगला बसली आणि गुण कापले गेले ऐकण्याचे. ज्याचा हात हळू चालतो, त्याचं तर पहिलं उत्तर लिहून होईतो तिसरं वाक्य निघून गेलेलं असतं. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. वडील रिक्षा चालवायचे, घरी भोजपुरी, गल्लीत पंजाबी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. चार भाषा कानाने पेलणाऱ्या या मुलाला ऐकण्याच्या कागदावर दहापैकी दोन-तीन मिळायचे. हे मला पटेना.

सुट्टीत लातूरला वहिनीशी यावर तासन्‌तास बोलणं व्हायचं. त्या तिकडे मराठी शाळेत इंग्रजी शिकवतात. महाराष्ट्राच्या बोर्डाने २०१८-१९ला भाषांचे तोंडीचे २० गुण काढून टाकले. दहावीचा निकाल आदल्या वर्षी ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला, आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत दिले गेले. तेव्हा सगळीकडे चर्चा झाली ती टक्क्यांची. वहिनी म्हणाल्या, "अगं, गुण सढळ हाताने वाटले जातात म्हणून काढले आणि पोरं नापास झाली म्हणून परत दिले. तोंडी परीक्षेत मूल खरंच काय ऐकतं, काय बोलतं, याचा कुणी विचार केला का?" मला त्यांचं शंभर टक्के पटलं. गुण जास्त की कमी हा वाद घालण्याआधी, ते कशाचे आहेत हे ठरलं पाहिजे.

म्हणून, ऐकण्याचे गुण खरंच ऐकण्याला कसे देता येतील हे बघायला, मी दहावीच्या वर्गाला चंडीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्सला न्यायचं ठरवलं. सेक्टर १, शहराच्या उत्तर टोकाला, मागे शिवालिकच्या टेकड्या. वास्तुकार ल कॉर्बुझिएने आखलेला हा परिसर जुलै २०१६मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, सात देशांतल्या त्याच्या सतरा कामांपैकी एक म्हणून. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी तिथल्या उघड्या हाताच्या स्मारकाचं चित्र सरकारी पाट्यांवर रोज पाहिलं होतं, पण आत कुणी गेलं नव्हतं. इथे आपलं आपण भटकता येत नाही. ओळखपत्र दाखवून, मार्गदर्शकाबरोबर फिरावं लागतं. मला तेच हवं होतं. एक जिवंत माणूस मुलांसमोर इंग्रजीत बोलणार होता, पंजाबी हेल असलेल्या, मध्येच थांबणाऱ्या, वाऱ्यात अर्धवट उडून जाणाऱ्या इंग्रजीत. मुलांना आयुष्यात जे इंग्रजी ऐकावं लागणार आहे ते असंच.

मी कागद असा केला होता की त्यावर जवळजवळ काही लिहायचंच नाही. परिसराचा कोरा नकाशा, त्यावर आकडे टाकायचे. चित्रांसमोर खुणा करायच्या. आणि वर्गात नसलेली एक मुभा दिली: कळलं नाही तर मार्गदर्शकाला विचारायचं. खऱ्या ऐकण्यात माणूस विचारतोच, परीक्षेतच फक्त ते चालत नाही.

उच्च न्यायालयाच्या समोर, हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांच्या त्या अजस्र खांबांकडे बघत मार्गदर्शक आतल्या भिंतींवरच्या गालिच्यांबद्दल सांगत होते. काँक्रीटच्या उंच दालनांत आवाज घुमतो, बोललेलं नीट ऐकू येत नाही, म्हणून कॉर्बुझिएने स्वतः नक्षी काढून लोकरीचे प्रचंड पडदे विणून घेतले. असे नऊ, आठ ६४ चौरस मीटरचे आणि मुख्य न्यायमूर्तींच्या दालनातला १४४ चौरस मीटरचा. काश्मीरच्या विणकरांनी ते विणले. माझ्या कागदावर प्रश्न होता, हे पडदे कशासाठी? तीन चित्रं: सजावट, आवाज, थंडी. वर्गातल्या कितीतरी मुलांनी सजावटीवर खूण केली. त्यांत इंग्रजीत नेहमी पहिली येणारी मुलंही होती. भिंतीवरचं कापड शोभेसाठीच असणार, हे त्यांच्या डोक्यात आधीच पक्कं होतं आणि कान तिथे पोचलेच नाहीत. तो रिक्षावाल्याचा मुलगा मात्र आवाजावर खूण करून मोकळा झाला होता. त्या दिवसापासून मी एक कसोटी लावते. न ऐकता, निव्वळ अंदाजाने ज्याचं उत्तर बरोबर येईल, तो ऐकण्याचा प्रश्न मी काढत नाही. ज्यात अंदाज एकीकडे नेतो आणि ऐकलेलं दुसरीकडे, तोच प्रश्न ऐकणाऱ्याला ओळखतो.

आणि मला राहून राहून त्या पडद्यांचं अप्रूप वाटलं. बोललेलं ऐकू जावं म्हणून एका न्यायालयाने सहाशेहून जास्त चौरस मीटर लोकर भिंतींना लावली. आमच्या चाचणीच्या वर्गात निदान दार लावून पंखे बंद करायला काय हरकत आहे?

पुढे राज्यपालांच्या निवासाची गोष्ट निघाली. मूळ आराखड्यात चार मोठ्या इमारती होत्या. न्यायालय, विधानसभा आणि सचिवालय उभं राहिलं. चौथं, टेकड्यांच्या बाजूला सर्वांच्या माथ्यावर येणारं राज्यपालांचं निवासस्थान, बांधलंच गेलं नाही. लोकशाहीच्या परिसरात माथ्यावर राज्यपालांचं घर नेहरूंना रुचलं नव्हतं. नकाशावर त्या न झालेल्या इमारतीच्या जागी फुली मारायची होती. माझ्या त्या विद्यार्थ्याने आधी कागद फिरवून उत्तर दिशा लावून घेतली, टेकड्यांकडे एकदा पाहिलं आणि अचूक जागी फुली मारली. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत मार्गदर्शकांना विचारलं, की मग ती जागा अजून रिकामी का? त्याच्या व्याकरणात दोन चुका होत्या. पण जे ऐकलं त्याच्या पुढचा प्रश्न वर्गात फक्त त्याला पडला. ऐकण्याचे पूर्ण गुण याहून जास्त कशासाठी द्यायचे असतात?

उघड्या हाताशी गेल्यावर मुलांमध्ये भांडण लागलं. मार्गदर्शकांनी उंची ८५ फूट सांगितली. मी दिलेल्या छापील कागदावर १४ मीटरचा आकडा होता. फोनवर फुटांचे मीटर करून एक गट म्हणाला, छापलेलं तेच खरं. दुसरा म्हणाला, सर इथलेच आहेत, त्यांना माहीत. मी गप्प बसले. शेवटी एका मुलीने कागद पुन्हा, सावकाश वाचला. १४ मीटर हा नुसता धातूचा हात, आणि चौथऱ्यासकट सगळं स्मारक २६ मीटर. दोन्ही खरं होतं. पिसाच्या त्या ईस्टर बेटाच्या नमुन्यावर मी वर्गात तास घालवले होते. ऐकलेलं आणि वाचलेलं शेजारी ठेवून तपासायचं म्हणजे काय, ते मुलांना इथे दहा मिनिटांत उमगलं.

हाताच्या पायाशी जमिनीत खोल उतरलेली एक जागा आहे. लोकांनी एकत्र बसून सार्वजनिक प्रश्नांवर बोलावं, यासाठी कॉर्बुझिएने ती योजली. हे स्मारक १९८५ साली पुरं झालं, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. तिथे मी वाचनाचा कागद दिला: चंडीगडच्या नागरिकांसाठी त्याने लिहून ठेवलेल्या निवेदनाचा भाग. त्यात तो म्हणतो की या शहरात कुणा व्यक्तीचे पुतळे उभारू नयेत, स्मरण करायचं तर कांस्याच्या फलकांपुरतं करावं. उत्तर बोटाने शोधता येणार नाही असा एकच प्रश्न मी ठेवला होता. पुतळे नकोत म्हणणाऱ्या माणसाने एवढा मोठा हात का उभारला?

काहींनी पुतळ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. काहींनी लिहिलं, हात म्हणजे पुतळा नव्हे. भांडण मिटवणाऱ्या त्या मुलीने दोन ओळी लिहिल्या: हा हात कुणाचाच नाही, त्याला चेहरा नाही, म्हणून तो कुणाचाही असू शकतो. पुतळ्यापुढे आपण मान झुकवतो, या हाताला मात्र आपण काही देऊ शकतो.

गुण देताना आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली. "मॅडम, हे उताऱ्यात कुठेच नाही. उद्या बोर्डात असं लिहिलं तर?" त्यांची काळजी खोटी नव्हती. पोरांनी पुढे बोर्डाचा पेपर द्यायचा असतो. आम्ही बराच वेळ बोललो. मी म्हटलं, व्यक्तीचा पुतळा नको हे उताऱ्यात आहे. हात उघडा आहे, देण्यासाठी आणि घेण्यासाठी, हे मार्गदर्शकांनी तिच्यासमोर सांगितलं. एक तिने वाचलं, एक ऐकलं, आणि दोन्ही जोडून तिसरी गोष्ट तिने स्वतः काढली. हे वाचन नसेल, तर मग आपण कशाला वाचन म्हणतो? मी तिला पूर्ण गुण दिले आणि त्या मुलाच्या ऐकण्याच्या रकान्यातही पूर्ण गुण भरले. दोघांचे कागद फाइलला लावले, सोबत कारणंही लिहिली, म्हणजे पुढच्या वर्षी जे कुणी या रकान्यात आकडे भरेल त्याला ते कशाचे आहेत हे वाचता येईल.