चूक कबूल करू नये

मराठीचा प्राध्यापक हा गावातला सर्वांत स्वस्त लेखनिक असतो. लग्नपत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.'पासून निवृत्त होणाऱ्या पोस्टमास्तरांच्या मानपत्रापर्यंत सारे त्याच्या पुढ्यात येऊन पडते, आणि आपल्या विषयाला कोणी तरी विचारते आहे या आनंदात तोही बापडा ते लिहून देतो. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी जयगडास घरी गेलो असताना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने जो कागद माझ्यापुढे ठेवला, तसा आजवर कोणी ठेवला नव्हता. बारीक इंग्रजी छपाईची आठ पाने होती ती. "सर, याचं जरा मराठी करून द्या," तो म्हणाला. "सही करण्यापूर्वी कळलं तर बरं."

हा विद्यार्थी फोटोग्राफर आहे. वर्गात असताना कवितेचे रसग्रहण तो तीन ओळींत उरकीत असे. पण स्नेहसंमेलनाचे फोटो मात्र असे काढी, की आम्हां प्राध्यापकांनाही आपण बऱ्यापैकी दिसतो असे क्षणभर वाटे. आता जयगड, खंडाळा, मालगुंड आणि तरीतून पलीकडे तवसाळ, गुहागर, इतक्या मुलखातली लग्ने त्याच्याकडे असतात.

कागद विम्याचा होता. मी म्हटले, "कॅमेऱ्याचा ना?" तर तो म्हणाला, "कॅमेऱ्याचा आहेच, सर. हा माझ्या चुकीचा आहे."

चुकीचा विमा! मला प्रथम हसूच आले. माणसाच्या आयुष्याचा, घराचा, मोटारीचा विमा आपल्याला ठाऊक असतो. डॉक्टर, वकील, हिशेबनीस, वास्तुशिल्पी यांचा धंद्यातल्या चुकीचा विमा असतो, हेही ऐकलेले असते. पण फोटोग्राफराचा? तरी विचार केला तर सरळ आहे. त्याचा कॅमेरा खाडीत पडला तर नुकसान त्याचे; त्याचा हात चुकला तर नुकसान दुसऱ्याचे. मांडवातला दिव्याचा खांब वऱ्हाड्याच्या डोक्यावर पडला, वायरीत पाय अडकून कोणाच्या आजोबांचे खुब्याचे हाड मोडले, किंवा साऱ्या लग्नाचे फोटोच नाहीसे झाले, तर भरपाई कोणी करायची? अमेरिकेत म्हणे कित्येक मंगल कार्यालये असा विमा दाखविल्यावाचून फोटोग्राफराला आत घेत नाहीत. आपल्याकडेही २०२१च्या नियमांनी, अडीचशे ग्रॅमपर्यंतचे चिमुकले सोडून, बाकीच्या ड्रोनांना त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला आहे. जयगडच्या तटावर उभ्या राहिलेल्या नवरानवरीभोवती ते यंत्र गांधीलमाशीसारखे घोंघावताना मी पाहिले आहे, आणि तो नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

एरवी मी हा कागद चाळून परत दिला असता. पण तो वाचण्याला घरचेच एक कारण होते. ते कारण आमच्या पडवीत, झोपाळ्याशेजारच्या भिंतीवर टांगलेले होते.

त्याच वर्षी वैशाखात माझ्या पुतणीचे लग्न आमच्या घरच्या मांडवात झाले. फोटो अर्थात याच्याकडे होते. माझी आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती, आणि फोटो काढून घेण्याच्या बाबतीत तिच्याइतके हट्टी माणूस मी पाहिलेले नाही. दादासाहेब फाळक्यांनी बडोद्यास फोटोचा धंदा मांडला तेव्हा, कॅमेरा माणसाचे आयुष्य ओढून घेतो या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. आईची समजूत इतकी टोकाची नव्हती. पण कोणी मोबाइल उगारला की ती पदर ओढून स्वयंपाकघरात जाई. "मेल्यावर भिंतीवर लावायला एक लागेल, तो काढा तेव्हाचा तेव्हा," असे तिचे म्हणणे. त्यात तर्काची अडचण होती, पण तिच्याशी वाद कोण घालणार?

हळदीच्या दिवशी मात्र गंमत झाली. घाणा भरताना पुतणीने हळदीचे बोट आजीच्या नाकाला लावले, आणि आई हसली. दात नसलेले ते मोकळे हसू. त्याच क्षणी याने कळ दाबली. मी त्याच्या मागेच उभा होतो. त्याने कॅमेऱ्याच्या पाठीवरचे चित्र मला दाखविले आणि म्हटले, "सर, हा मोठा करून देतो."

आषाढात आई गेली. भिंतीवर लावण्यासाठी थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादाने, तो फोटो मागविला. लग्नाचा अल्बम आला होता. हळदीचे फोटो मागाहून देतो, असे त्याने सांगितले होते आणि गडबडीत आम्हीही विचारले नव्हते. दादाचा फोन गेला त्याच दिवशी संध्याकाळी, भर पावसात तो मोटारसायकलवरून आला. घरात सुतक होते. तो पडवीच्या पायरीवरच बसला, टोपीतून पाणी ठिबकत होते. म्हणाला, "हळदीचे फोटो नाहीत, दादा. पुसले गेले. मीच पुसले."

हकीकत साधी होती. लागोपाठ दोन लग्ने होती. आमच्या हळदीचे कार्ड घरी नेऊन त्याची नक्कल करायची ती राहिली; दुसरे कार्ड हाताशी नव्हते म्हणून तेच कोरे केले आणि गुहागरचे लग्न त्यावर घेतले. नुसते पुसलेले असते तर काही परत मिळते. वर दुसरे लिहिले गेले की बहुधा मिळत नाही. पुण्यापर्यंत कार्ड पाठवून त्याने पाहिले. चांगल्या कॅमेऱ्यांत दोन कार्डांची सोय असते, एकच फोटो दोन्हींवर उमटतो. याचा कॅमेरा जुना, एका कार्डाचा. म्हणजे आईच्या हसण्यावर गुहागरच्या कोणा नवरदेवाची वरात बसली होती. पाहुण्यांच्या मोबाइलांत आम्ही खूप शोधले. शेकडो फोटोंत आई आहे. पण कुठे तिचे कोपर, कुठे पदराचा काठ. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ती एखाद्या अपराध्यासारखी समोर पाहते.

त्याने एक पाकीट पायरीवर ठेवले. लग्नाचे ठरलेले सगळेच्या सगळे पैसे, पंचेचाळीस हजार, त्यात होते. दादा एक शब्दही बोलला नाही. पाकिटाला त्याने हातही लावला नाही. शेवटी मीच ते उचलून देवघराच्या कपाटात ठेवले, पागोळीखाली भिजू नये म्हणून.

पुतणजावई पुण्याचे, कायद्याचे जाणकार. ते म्हणाले, "काका, ही सरळ सेवेतली त्रुटी आहे. १९८६चा ग्राहक कायदा जाऊन २०१९चा आला, पण हे तत्त्व तेच आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. मनस्तापाचीसुद्धा भरपाई मिळते." मनस्तापाची किंमत कशी करतात, हे मी कुतूहलाने विचारले. तेव्हा त्यांनी १९७१चा स्कॉटलंडमधला एक खटला सांगितला. ठरलेला फोटोग्राफर लग्नाला यायचेच विसरला. नवरीने दावा लावला, आणि कराराचा नियम जरा बाजूला सारून न्यायाधीशांनी तिच्या मनाला झालेल्या क्लेशाबद्दल तीस पौंड देवविले. लग्नाचा फोटो काही व्यापारी माल नव्हे, तो पुढे आयुष्यभर पाहून आनंद मिळावा म्हणूनच काढतात. तेव्हा न्यायाधीशांचे म्हणणे मला पटले. तीस पौंडांचे मात्र काय करावे ते कळेना. त्या बाईने त्यांचे काय केले असेल?

आम्ही आयोगाकडे गेलो नाही. पण दादा त्याच्याशी बोलायचा थांबला तो थांबलाच. आणि आता दिवाळीत, हा कागद घेऊन तो पडवीत माझ्यापुढे बसला होता, दादा झोपाळ्यावर होता, आणि झोपाळ्याच्या कड्यांखेरीज कोणी आवाज करीत नव्हते.

मी भाषांतराला लागलो. 'इंडेम्निटी'पाशीच अडलो. क्षतिपूर्ती? हानिरक्षण? दोन्ही शब्द उच्चारून पाहिले. विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे भरून देणं ना, सर?" वीस वर्षे मराठी शिकविल्यावर असे प्रसंग येतात. मग मला जोखमी हुंडीची आठवण झाली. गलबतांच्या काळी आपले व्यापारी अशी हुंडी करीत: माल बंदरात सुखरूप लागला तर तिचे पैसे द्यायचे, गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. विमा आणि हुंडी एकाच कागदात! शास्त्री नदीच्या मुखाशी राहणाऱ्या माणसाला हे सांगताच समजले. "म्हणजे चूक वाटून घ्यायची," तो म्हणाला. मला वाटते, विम्याची याहून बरी व्याख्या मी ऐकलेली नाही.

पुढची कलमे भराभर गेली. दावा विम्याच्या मुदतीत आला पाहिजे. ठरावीक तारखेच्या आधीच्या चुका यात नाहीत. म्हणजे आमची हळद यात नाही. पहिली काही रक्कम ज्याची त्याने सोसायची. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला, सरकारी दंडाला, एक पैसा नाही. हे सर्व रास्तच म्हणायचे.

मग ते कलम आले. विमाधारकाने कंपनीच्या लेखी संमतीवाचून दायित्व कबूल करू नये, भरपाईचे वचन देऊ नये, पैसे देऊ करू नयेत. मी वाचले, आणि मराठीत सांगितले. तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी मी इथं यायलाच नको होतं?"

मी प्राध्यापकी उत्तर दिले. म्हटले, कंपनीचेही बरोबर आहे. तिच्या पैशांतून भरपाई व्हायची, तर आधीच कोणी 'सगळं देतो' म्हणून बसले तर तिने काय करावे? आणि काय घडले ते सांगणे वेगळे, 'भरून देतो' म्हणणे वेगळे. तू फोटो पुसले गेल्याचे सांगायचेस, पाकीट मात्र ठेवायचे नाहीस. हे सारे शब्दशः खरे होते. पण मी बोलत असताना त्या पायरीकडेच पाहत होतो. 'मीच पुसले' या दोन शब्दांत सांगणे कुठे संपते आणि कबूल करणे कुठे सुरू होते, ते मला नाही सांगता आले. तो ते दोन शब्द गिळून, 'कळवतो' म्हणून गेला असता, तर त्याचे पंचेचाळीस हजार वाचले असते. एका मोसमाची त्याची कमाई जवळजवळ तेवढीच उरते, हे मला ठाऊक होते.

शेवटचे पान अर्जाचे होते. त्यात प्रश्न: आपल्याविरुद्ध पूर्वी काही दावा झाला आहे काय, किंवा दावा होऊ शकेल अशी एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे काय? येथे खरे लिहिलेच पाहिजे. लपवाल तर सगळा विमा रद्द होऊ शकतो. मला त्या कागदाची मोठी मौज वाटली. दोन पाने अलीकडे जी कबुली देऊ नये म्हणतो, तीच येथे हक्काने मागतो.

त्याने पेन उघडले आणि तसाच थांबला. "काय लिहू, सर? दावा होईल का?"

हे मला विचारलेले नव्हते. आम्ही दोघांनी झोपाळ्याकडे पाहिले. दादाने पाय टेकून झोपाळा थांबविला, उठला आणि आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ तो आला नाही. आला तेव्हा पाकीट हातात होते.

"दावा नाही म्हणून लिही," तो म्हणाला. "आणि काय झालं ते सगळं लिही." पाकीट त्याने अर्जावर ठेवले. "हळदीच्या दिवसाचे काढून ठेवलेत. बाकीचे आहेत, मोजून घे."

त्याने पैसे मोजले नाहीत. पाकीट बाजूला सारून तो लिहू लागला, मराठीतच. अर्जातली जागा पुरेना, तेव्हा पान उलटून त्याने मागच्या कोऱ्या बाजूवर पुढे लिहिले. रसग्रहण तीन ओळींत उरकणारा मुलगा. मी मोजले नाही, पण निम्मे पान तरी भरले असेल.