उपदेश तपासताना

आमच्या मंडळीत उपदेश करायला शिकणाऱ्या तरुणांचे उपदेश मी आधी वाचून देतो. पूर्वी त्यासाठी माझी एक ठरलेली यादी होती: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी देहाने उठला, तारण कृपेने, विश्वासाद्वारे. यातलं एखादं कलम राहिलं की समासात ‘अपुरं’ असा शेरा पडे. आता मी तो शेरा मारत नाही.

मत बदललं ते प्रेषितांच्या कृत्यांचा 17वा अध्याय शिकवताना. अथेनैत, अरीयपगाच्या सभेत पौल उभा आहे. तिथल्याच ‘अज्ञात देवाला’ वाहिलेल्या वेदीपासून तो सुरुवात करतो, दाखला देतो तो त्यांच्याच कवींचा. वधस्तंभाचा उल्लेख नाही. येशूचं नावसुद्धा नाही! देवाने न्यायासाठी एक मनुष्य नेमलाय आणि त्याला मेलेल्यांतून उठवून तशी खात्री पटवलीय, एवढ्यावर भाषण थांबतं. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला.

माझ्या यादीचा मोठा भागही पौलाचाच, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायातला. पण तिथे तो आधीच विश्वास ठेवलेल्यांना आठवण करून देतोय. अथेनैत समोर परके लोक होते. मी मात्र मंडळीतला उपदेश आणि बाजारात सांगायची सुवार्ता एकाच मापाने मोजत होतो. पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं पाहिजे, असं मला आता वाटत नाही.

सिद्धांताची पकड मात्र मी सैल केलेली नाही. काय राहिलं यापेक्षा पदरचं काय घातलं, हे आता जास्त बारकाईने बघतो. पुनरुत्थान म्हणजे शिष्यांच्या मनात जागलेली आशा, असं कुणी लिहिलं तर मी त्याला लूकच्या 24व्या अध्यायाकडे नेतो. उठलेला प्रभू तिथे भाजलेला मासा खातो. आणि ‘विश्वास पक्का असेल तर दुखणं जाईलच’ हे वाक्य तर मला सहनच होत नाही. पौलाने तीनदा विनवूनही त्याच्या शरीरातला काटा गेला नाही. आपला सहकारी त्रफिम याला त्याने मिलेतात आजारीच मागे ठेवलं. आमच्या बाकांवर डायलिसिस करून आलेली माणसं बसतात. असलं वाक्य ऐकून ती घरी जाऊन स्वतःच्या विश्वासातच खोट शोधत राहतात. बाकीची सगळी कलमं बिनचूक असली, तरी तो उपदेश मी व्यासपीठावर जाऊ देत नाही.